ठकीची झोप

“ऐकू येतंय! अगं, माझ्या नातीला ऐकू येतंय!”

सासूबाईंची ती आनंदाची आरोळी घरभर घुमली... आणि घुमायला वावही होता, कारण भिंतीपलीकडच्या शेडमधले सगळे यंत्रमाग वीज गेल्यामुळे एका क्षणात गप्प झाले होते! जन्मल्यापासून त्या खडखडाटात खुशाल झोपणारी ठकी माग थांबले आणि दचकून उठली, ओठ काढून रडायला लागली. आणि त्या रडण्यावर सगळं घर आनंदानं वेडं झालं. सासूबाईंनी तिला पाळण्यातून उचलून तिचे पटापट मुके घेतले. शेडमधले कामगार हात पुसत दाराशी गोळा झाले. सगळ्यांना चहा सांगितला गेला. आणि जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा ठकीचा बाप, ज्याला रागात असली की खुद्द त्याची आईसुद्धा याच नावानं हाक मारायची, तो हातातला पाना तसाच धरून डोळे टिपत होता.

“आवाज बंद झालेला कळला म्हणजे आवाज ऐकू येत होता! साधा हिशेब आहे!” सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या. “डॉक्टरांना काय कळतंय? आमच्या मागांनी निकाल दिला!”

हसत नव्हती ती फक्त ठकीची आई. पाळण्याच्या लोखंडी कठड्यावर तिचा तळवा टेकलेला होता. रात्रंदिवस मुंग्या आल्यासारखा झिणझिणणारा तो कठडा आता थंडगार, निश्चल झाला होता... माग चालू असले की या घराची फरशी थरथरायची, फरशीवरचा पाळणा थरथरायचा, पाळण्यातली ठकी थरथरायची. मग ती उठली ती नेमकी कशानं? आवाज थांबला म्हणून, की कंप थांबला म्हणून?

हा प्रश्न मनात आला त्या क्षणी तिला स्वतःचीच भीती वाटली. सगळ्या घरावर इतक्या दिवसांनी प्रसन्नता पसरलेली, आणि आपण सख्ख्या आईनं त्या आनंदाला नख लावायचं? तिनं दुपारपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही.

पण गप्प राहणं तिच्या रक्तात नव्हतं, हे तिचं दुर्दैव म्हणा की तिच्या लेकीचं सुदैव!

प्रसूती झाली त्याच दवाखान्यात ठकीच्या कानात बारीकशी नळी घालून पहिली तपासणी झाली होती. यंत्रानं उत्तर दिलं नाही. “कानात जन्माच्या वेळचं पाणी राहिलं असेल, पुन्हा आणा,” असं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. पुन्हा नेलं. पुन्हा तेच! तेव्हा त्या बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, “हे बघा, याचा अर्थ ऐकू येत नाही असा नाही. येतंच, असाही नाही. मोठ्या इस्पितळात बाळ झोपलेलं असताना एक तपासणी करतात, ती करून घ्या. फक्त उशीर करू नका. लवकर कळलं तर लवकर मदत करता येते.”

‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही... मधल्या मध्ये लटकणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! वाईट बातमी आली तर माणूस निदान रडून मोकळं होतं. इथं रडावं तर अपशकुन केल्यासारखं, आणि हसावं तर स्वतःला फसवल्यासारखं. शिवाय त्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक जण कानाचा डॉक्टर झाला! कुणी ठकीच्या डोक्यामागं टाळी वाजवायचा, कुणी ताटावर चमचा आपटायचा, कुणी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायचा. दूधवालासुद्धा जाता जाता शिट्टी मारून बघायचा. ठकीची पापणी लवली की घर हसायचं. नाही लवली की सगळ्यांची नजर हळूच आईकडे वळायची, जणू पोरीचे कान तिनंच कुठंतरी ठेवून दिले होते आणि आता तिला जागा आठवत नव्हती!

“माझी पोर म्हणजे काय बाजारातलं मडकं आहे का, येईल त्यानं वाजवून बघायला?” एकदा ती कडाडली होती. तेव्हापासून तिच्यासमोर टाळ्या बंद झाल्या. तिच्यामागं चालूच राहिल्या.

मोठ्या इस्पितळातली तारीख मिळवायला जॉबरनं किती फोन केले, किती विनवण्या केल्या ते तिनं पाहिलं होतं. ती तारीख आता उद्यावर आली होती. दुपारी ठकीची झबली पिशवीत भरता भरता ती म्हणाली, “अहो, पहाटेची पहिली गाडी धरू या. तिची झोपायची वेळ तिथं साधायला हवी.”

नवरा पान्याशी चाळा करत उभा राहिला.

“अगं... ते... मी फोन केला. नाही येत म्हणून कळवलं.”

तिच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. “कुणाला विचारून?”

“आई म्हणाली, आता कळलंच आहे तर उगाच तान्ह्या जिवाला तारा कशाला चिकटवायच्या? आणि खरंच की गं, आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं...”

“डोळ्यांनी बघितलं!” तिचा आवाज फुटला. “तिच्या कानांचा प्रश्न आहे, आणि तुम्ही डोळ्यांनी बघून मोकळे झालात?”

ती तडक शेडच्या दाराशी गेली. वीज परत आली होती, सगळे माग बेभान धावत होते, सुताचे धोटे इकडून तिकडे सपासप जात होते. त्या गदारोळात कुणाचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचणं शक्यच नसायचं. म्हणून शेडमधली माणसं ओठ आणि हात हलवून बोलायची आणि समोरचा ते बघून समजून घ्यायचा. लग्न होऊन आल्यावर ती हे शिकली होती, तेही सासूबाईंकडूनच. आज त्याच बोलीत तिनं दाराशी उभं राहून विचारलं, “तारीख का घालवलीत?”

पलीकडच्या मागावरून सासूबाईंनी मान वर केली. “गरज नाही. पोरीला ऐकू येतंय.”

“ती कंप थांबल्यामुळं उठली असेल. फरशी थांबली, पाळणा थांबला. दुपारच्या सुट्टीत माग थांबतात तेव्हा ती माझ्या मांडीवर असते, तेव्हा कुठं उठते? मला खात्री करून घ्यायचीय.”

सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. सुताचा कापूस चिकटलेले हात त्यांनी झटक्यात वर केले, आणि ओठांनी एकेक शब्द असा काही काढला, की शेडच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही तो वाचता यावा.

“तुला पोरगी बहिरीच हवी आहे! आई आहेस का वैरीण?”

एका शब्दाचाही आवाज झाला नाही, पण सगळ्या शेडनं ते ऐकलं. मागांवरच्या माना खाली गेल्या. धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली.

वैरीण! नऊ महिने पोटात जिला जपलं, जिच्या एका पापणीच्या हालचालीसाठी प्राण डोळ्यांत आणून बसलो, तिची वैरीण! खरंच का आपल्याला असं हवं आहे? आपल्या मनात कुठं काळोख तर नाही ना?... तिनं स्वतःचं काळीज तळापर्यंत ढवळून पाहिलं. तिथं भीती होती, माया होती, अपार थकवा होता. पण वैर नव्हतं. उलट त्या कंपाचा संशय खोटा ठरावा म्हणून ती मनातल्या मनात किती तडफडत होती! मग तिला राग आला. असा राग, की डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच आटलं.

ती घरात गेली. झोपलेल्या ठकीला तिनं पाळण्यातून अलगद उचललं, शेडच्या दाराजवळ रचून ठेवलेल्या कापडाच्या जाड थप्पीवर मांडी घालून बसली, मांडीवर दुलईची घडी घेतली आणि तिच्यावर लेकीला ठेवलं. फरशीची थरथर तिथं पोचत नव्हती, हे तिनं हात लावून नीट पाहून घेतलं. ठकी चाळवली, कुरकुरली, बऱ्याच वेळानं आईच्या पोटाशी पुन्हा गाढ झोपली. तोवर सगळ्या शेडच्या नजरा तिच्याकडे लागल्या होत्या.

“अहो,” मागोमाग आलेल्या नवऱ्याला ती ओठ हलवून म्हणाली, “मेन बटण खाली करा.”

जॉबर जागीच खिळला. दाराच्या चौकटीलाच ते मोठं बटण होतं. मालकिणीनं, म्हणजे सासूबाईंनी, सांगितल्याशिवाय चालू पाळीत त्याला कुणी हात लावत नसे. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं जरबेनं मान हलवली... नाही! मग त्यानं बायकोकडे पाहिलं. ती विनवत नव्हती, रडत नव्हती, फक्त वाट पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला आई आणि बायको यांच्या पलीकडे, त्या दुलईवरची एवढीशी मूठ दिसली असावी. त्यानं डोळे मिटले आणि बटण खाली ओढलं.

माग थांबले. केवढी शांतता ती! भिंतीवरच्या पालीची चुकचुक ऐकू यावी अशी! सगळ्यांचे श्वास ठकीच्या पापण्यांवर अडकले...

ठकी झोपली होती. मूठसुद्धा हलली नाही.

जिंकली होती ती! भर शेडमध्ये, सगळ्यांसमोर तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. आणि वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये असा तो विजय होता. ‘ऊठ गं माझे बाई, ऊठ, रड, तुझ्या आईला सगळ्यांदेखत खोटं पाड!’ असा तिच्या अंतःकरणात आक्रोश चालला होता. पण बोलताना तिचा आवाज कापला नाही.

“मीसुद्धा डॉक्टर नाही. माझीही परीक्षा खोटी असेल, पोर दमून झोपली असेल. म्हणूनच उद्या मी जाणार. तारीख असो नसो. तिला ऐकू येत असेल तर मी इथं येऊन नाचेन. येत नसेल तरी ती माझी तेवढीच लेक आहे, आणि तिच्यासाठी काय करायचं ते मला आजच कळायला हवं, ती शाळेत जायच्या वयाची झाल्यावर नाही!”

सासूबाई पुढं आल्या. त्यांनी बटण वर केलं आणि पाठ फिरवून आपल्या मागाकडे निघून गेल्या. त्यांची ती फिरवलेली पाठ तिला ‘वैरीण’ या शब्दापेक्षाही जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात नवरा पिशवी घेऊन तिच्या शेजारी उभा होता, आणि खिडकीतला माणूस मान वर न करता सांगत होता, “तुमची जागा दुसऱ्यांना दिली. पुढच्या महिन्यात या.”

“आम्ही बसतो,” ती म्हणाली.

“बाई, बसून काय होणार?”

“कुणी आलं नाही तर आम्हाला घ्या. सगळे आले तर उद्या पुन्हा येऊन बसू. तुमचा बाक झिजला तर सांगा, हे दुरुस्त करून देतील.”

खिडकीतल्या माणसानं पहिल्यांदाच मान वर केली. दुपार कलता कलता खरोखरच कुणीतरी आलं नाही, आणि ठकीला आत बोलावलं.

पण खरा घोळ तिथंच झाला. तपासणीची खोली इतकी शांत होती, की स्वतःचा श्वास मोठा वाटावा. भिंतींना जाड गाद्या, दाराला रबर, पायांखाली मऊ गालिचा. आणि ठकी काही केल्या झोपेना! दूध झालं, थोपटणं झालं, खांद्यावर घेऊन फेऱ्या झाल्या. जॉबरनं आपल्या भसाड्या गळ्यानं अंगाईसुद्धा म्हणून पाहिली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरलं नाही. ठकीचे डोळे मात्र टक्क उघडे. थरथरणाऱ्या घरात वाढलेल्या त्या जिवाला ही स्थिर, मऊ खोली परकी वाटत होती.

“झोपल्याशिवाय ही तपासणी नाही करता येत हो,” डॉक्टरीणबाई कळवळून म्हणाल्या. “आणखी थोडा वेळ थांबते मी. नाहीतर मग...”

तेवढ्यात दार उघडलं. दारात सासूबाई उभ्या होत्या! अंगावर कामाचंच लुगडं, केसांत सुताचा कापूस, धापा टाकत असलेल्या. भर दिवसा, चालू पाळीत शेडला कुलूप घालून त्या आल्या होत्या. असं त्यांनी स्वतःच्या नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा केलं नव्हतं.

“दे तिला इकडे,” त्या म्हणाल्या.

तिनं ठकीला छातीशी आणखी घट्ट धरलं. “नाही! वैरिणीची पोर आहे ही. तुम्ही कशाला हात लावता?”

ज्या बाईपुढं कामगार चळचळा कापायचे, ती बाई सुनेसमोर उभी राहून लहान मुलीसारखी रडायला लागली.

“म्हण, हवं ते म्हण मला... काल तू पोर मांडीवर घेऊन बसलीस ना, तेव्हाच माझं काळीज फाटलं गं! तू पोटुशी होतीस, तुला शेवटच्या महिन्यापर्यंत त्या खडखडाटात कांड्या भरायला मी बसवलं. ‘मी नाही का केलं, तुला काय होतंय’ असं मी म्हणाले होते. पोरीला ऐकू येत नाही असं ठरलं, तर ते पाप माझं! म्हणून मला ते कळायलाच नको होतं... आणि ते बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तुला नको ते बोलले!”

‘जाऊ दे आई, झालं गेलं’ असं म्हणून टाकणं किती सोपं होतं! पण ती तसं म्हणाली नाही.

“तुम्हाला भीती वाटली, ते मला समजतं,” ती सावकाश म्हणाली. “मलाही वाटत होती, रोज, प्रत्येक क्षणी! पण मी माझी भीती लेकीच्या डोक्यावर नाही ठेवली. तुम्ही ठेवलीत. हे मी विसरणार नाही, आई.”

“नको विसरू,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पण आत्ता तिला झोपवू दे मला.”

आणि त्या चक्क गालिच्यावर बसल्या. पाय लांब केले, पायांवर दुपटं घातलं आणि हात पुढं केले. क्षणभर थांबून तिनं ठकीला त्यांच्या पायांवर ठेवलं. सासूबाईंनी डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या पोटऱ्यांना, गुडघ्यांना एक बारीक, अखंड, एकसारखी थरथर सुटली... अगदी घरच्या फरशीची थरथर! सारा जन्म मागापुढं उभं राहून जी लय त्यांच्या हाडांत मुरली होती, तीच त्या आता नातीला देत होत्या. ठकीच्या मुठी सैल झाल्या. जांभई आली. पापण्या जड झाल्या, मिटल्या.

ती बघत राहिली. तिच्या आतापर्यंत अडवून धरलेल्या आसवांना आता बांध राहिला नाही. ठकी आवाजावर नाही, कंपावर झोपते, हे सासूबाईंनी तोंडानं कबूल केलं नव्हतं. पण या म्हाताऱ्या पायांनी ते अवघं कबूल करून टाकलं होतं.

कपाळावर, कानांमागं इवल्या चकत्या चिकटवल्या गेल्या. पडद्यावर रेषा उमटत राहिल्या.

“डाव्या कानाकडून मोठ्यात मोठ्या आवाजालाही उत्तर येत नाहीये,” शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उजव्या कानाला थोडं कळतंय. जवळून, मोठ्यानं बोललेलं पोचत असणार. त्या कानाला यंत्र लावू, मग पुन्हा तपासू. लवकर आलात, हे फार चांगलं केलंत.”

“हे कशामुळं झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही. आणि आजी, गुन्हेगार शोधत बसलात तर त्यात नातीचा वेळ जाईल.”

“बोलेल ना ती?” जॉबरनं दबकत विचारलं.

“किती आणि केव्हा, ते आज नाही सांगता येणार.”

नाही सांगता येणार! हेच शब्द इतके दिवस तिच्या काळजात सुईसारखे रुतत होते. पण आज तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ताठ मानेनं म्हणाली, “चालेल. तुम्हाला सांगता येत नाही ते आम्ही करून बघू. सुरुवात कुठून करायची, तेवढं सांगा.”

संध्याकाळी ते परतले तेव्हा शेडच्या फाटकाशी सगळे वाट बघत उभे होते. शेजारीणही आली होती. “काय निघालं हो?” तिनं गळा काढूनच विचारलं. सुनेनं तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढं झाल्या, आणि माग चालू असतानाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “एका कानानं ऐकू येत नाही! दुसऱ्यानं कमी येतं! यंत्र लागणार आहे, आम्ही लावणार आहोत. आणि ज्याला ‘बिचारी’ म्हणायचं असेल त्यानं आत्ताच म्हणून घ्यावं, उद्यापासून या घरात तो शब्द मी ऐकून घेणार नाही!”

शेजारणीचा गळा काढलेला तसाच राहिला. कामगार हसले, आणि त्यातल्या दोघींनी हसता हसता डोळेही पुसले.

घरात आल्यावर सासूबाई दाराशीच घुटमळल्या. ज्या घरात त्यांनी आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं, त्या घरात त्यांनी सुनेला खाली मान घालून विचारलं, “घेऊ का गं तिला जरा?”

तिनं ठकीला त्यांच्या हातांत दिलं.

“अशी नाही, आई. या कुशीवर घ्या. उजवा कान तुमच्या तोंडाकडे येऊ दे.”

सासूबाईंनी नातीला या हातावरून त्या हातावर घेतलं, जपून, जणू पहिल्यांदाच घेत होत्या. मग त्या उजव्या कानाशी अगदी जवळ वाकल्या, आणि मोठ्यानं, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “ठके, मी तुझी आजी बोलतेय.”